चोपिनो इटलीचा नाही, सॅन फ्रान्सिस्कोचा आहे

‘चोपिनो’ या मासळीच्या रश्श्याबद्दल एक मजकूर सगळीकडे फिरतोय. म्हणे, हा इटलीतला प्राचीन पदार्थ. संध्याकाळी कोळी आपापली मासळी एकाच भांड्यात टाकायचे आणि इंग्रजीत ‘चिप इन’ (आपापला वाटा टाका) म्हणायचे, त्यावरून हे नाव पडलं. आणि कृती काय, तर सगळं एकदम टाकून तासभर उकळायचं. यातलं काहीच पटण्यासारखं नाही.

आधी ‘प्राचीन’चं बघू. ज्या टोमॅटोशिवाय चोपिनो होत नाही, तो युरोपात पोचला सोळाव्या शतकात. त्यातला मानाचा डंजनेस खेकडा तर उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरच मिळतो. हा रस्सा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोच्या नॉर्थ बीच वस्तीत रुजला. तो रुजवला इटलीतल्या जेनोवाकडच्या, म्हणजे लिगुरियाच्या किनाऱ्यावरून पोटासाठी आलेल्या कोळ्यांनी. त्यांच्या गावचा ‘चुप्पीन’ वेगळा: त्यात मासे शिजवून चाळणीतून गाळतात. इथे खेकडा कवचासकट ताटात येतो. परक्या किनाऱ्यावर जे जाळ्यात आलं, त्यातून त्या माणसांनी नवा पदार्थ घडवला. ‘प्राचीन इटालियन’ म्हटलं की त्यांचं हे श्रेयच पुसलं जातं, आणि मला खरा राग त्याचा आहे.

नावाचा उलगडाही इथेच होतो: ‘चुप्पीन’चंच ‘चोपिनो’ झालं. घरून चुप्पीन घेऊन आलेल्यांना इंग्रजी शब्द उसना घ्यायची गरजच काय? सॅन फ्रान्सिस्कोतल्या 1906च्या भूकंपात आणि आगीत बेघर झालेल्यांच्या मदतीसाठी निघालेल्या पाककृतींच्या पुस्तकात ‘चोपिनो’ छापलेला आहे.

आता ते तासभर उकळणं. उकळायचा तो फक्त रस्सा: कांदा, लसूण, टोमॅटो, वाइन, अर्धा-पाऊण तास मंद आचेवर. मग खेकडा, मागून तिसऱ्या आणि शिनाणे हे शिंपले, वर झाकण. शिंपले उघडायला लागले की माशाचे तुकडे आणि कोळंबी. कोळंबी गुलाबी होऊन वळली की लगेच आच बंद. आणखी पाच मिनिटं ठेवली तर वातड होते. न उघडलेले शिंपले काढून टाका. तिसऱ्या किती शिजवायच्या हे कोकणातल्या घरात कुणाला शिकवावं लागत नाही, मग इथेच तासभर का?

डंजनेस आपल्याकडे मिळत नाही, समुद्रातला कुठलाही ताजा खेकडा चालेल. फक्त कवच काढू नका, रश्श्याला चव त्याचीच उतरते.