लेकराला कुत्रं चावलं की कुत्र्याला लेकरू?

'५ सूत्रांत फाडफाड इंग्रजी, व्याकरणाची गरजच नाही' हा मेसेज चार ग्रुपांवर आला तेव्हा मी बोटानं वर सरकवून दिला. पाचव्यांदा तो सख्ख्या बहिणीकडून आला. वर तिनं लिहिलेलं, "दादा, पोरीला लई कामाला आलं बघ हे." पोरगी म्हणजे माझी भाची. नववीत आहे, परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. दिवाळीला गेलो तेव्हा सहज तिची वही चाळली. 'लेकराला कुत्रं चावलं' याच्याखाली लिहिलेलं होतं, 'द चाइल्ड बिट द डॉग'. बाईंनी लाल पेनानं गोल करून शेजारी नुसतं प्रश्नचिन्ह टाकलेलं.

"मामा, मी तर त्यात सांगितलं तसंच केलं की."

खरंच तसंच केलं होतं. मेसेजातलं पहिलं सूत्र असं: मराठी वाक्यातला पहिला शब्द जागेवर ठेवा, शेवटचा उचलून दुसऱ्या नंबरवर आणा, मधले उलटे लावा, की झालं इंग्रजी. 'लेकराला' जागेवर राहिलं, 'चावलं' दुसरं आलं, 'कुत्रं' शेवटी गेलं. लेकराच्या दातांखाली कुत्रं.

आता खरं ते सांगायलाच पाहिजे. हे सूत्र कधीकधी चालतं, आणि म्हणूनच ते इतकं पसरलंय. 'मी रोज एसटीने परभणीला जातो' उलटवून बघा: मी, जातो, परभणीला, एसटीने, रोज. 'आय गो टू परभणी बाय एसटी डेली.' बिनचूक. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि 'ला', 'ने' नामाच्या शेवटी लागतात. इंग्रजीत क्रियापद कर्त्याला चिकटून येतं आणि 'टू', 'बाय' नामाच्या आधी. आरशात बघितल्यासारखं आहे ते. इथवर मेसेजवाल्याला पैकीच्या पैकी मार्क.

पण आरसा शब्दांचा नाही, शब्दांच्या गटांचा आहे. 'काळी गाय दूध देते' हे त्याच्या सूत्रानं करा: काळी, देते, दूध, गाय. 'ब्लॅक गिव्ह्ज मिल्क काऊ.' असं इंग्रजी ऐकून गायसुद्धा दावं तोडून पळेल. 'काळी गाय' हा एक गट, तो फोडायचा नसतो. 'तू काल शाळेत का आला नाहीस?' याचं होतं 'यू नॉट केम व्हाय इन स्कूल यस्टरडे'. खरं इंग्रजी 'व्हाय डिडन्ट यू कम टू स्कूल यस्टरडे'. त्यातल्या 'डिड'ला मराठी वाक्यात शब्दच नाही. जे नाहीच ते उलटवून येणार कुठून?

आणि कुत्र्याचं काय झालं? मराठीत 'लेकराला कुत्रं चावलं' म्हणा नाहीतर 'कुत्रं लेकराला चावलं' म्हणा, इंजेक्शन लेकरालाच. 'ला' प्रत्यय लेकराला चिकटलेला आहे, लेकरू कुठंही बसलं तरी तो सोबत जातो. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतही नामांना असे प्रत्यय होते. पुढं ते झिजले, आणि कोण चावलं, कुणाला चावलं हे सांगायचं काम जागेवर येऊन पडलं. क्रियापदाच्या आधी बसला तो चावणारा, नंतर बसला त्याचा लचका. म्हणून शब्द हलवायच्या आधी 'चावलं कोण?' हा प्रश्न विचारावा लागतो. म्हणजे कर्ता शोधावा लागतो. म्हणजे व्याकरण, जे नको म्हणून हा सगळा खटाटोप!

हे मी मनानं सांगत नाही. भाषातज्ज्ञ रँडॉल्फ क्वर्क आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांचं १९८५ सालचं इंग्रजीचं मोठं व्याकरण आहे, १७७९ पानांचं. एवढ्या धोंड्यात वाक्याचे मूळ साचे किती, तर फक्त सात. 'द बेबी स्लेप्ट' हा एक, कर्ता आणि क्रियापद, संपलं. 'आई गेव्ह हिम भाकरी' दुसरा, त्यात दोन कर्मं. 'दे मेड हर सरपंच' तिसरा. साचा ठरवतं क्रियापद: 'स्लेप्ट'ला मागे काही लागत नाही, 'गेव्ह'ला कुणाला आणि काय हे दोन्ही लागतं. लेकरांकडून पाठच करून घ्यायचं तर हे सात करून घ्या.

दुसरं सूत्र: 'आहे' दिसलं की 'इज-ॲम-आर', आणि वाक्यात मी, मला, माझं असेल तर 'ॲम'. ठीक. 'मला ताप आहे', 'आय ॲम फीवर'. 'मला दोन भाऊ आहेत', 'आय ॲम टू ब्रदर्स'. एकटीच भाची दोन भाऊ होऊन बसली! मराठीत कर्ता ताप असतो, तो मला येतो. इंग्रजीत कर्त्याच्या पाटावर माणूस बसतो आणि ताप त्याच्याकडे असतो: 'आय हॅव अ फीवर'. पण 'मला भूक लागली' याचं 'आय ॲम हंग्री' होतं आणि 'मला हे आवडतं' याचं 'आय लाइक इट'. एकाच 'मला'च्या तीन वाटा. याला सूत्र नाही, ऐकून-वाचूनच ते जिभेवर बसतं.

तिसरं: ए, ई, आय, ओ, यू या अक्षरांआधी 'ॲन'. अक्षर नाही बाबा, उच्चार. म्हणून 'अ युनिव्हर्सिटी', 'ॲन अवर'. आणि 'एस' त्या पाचांत नसला तरी 'ॲन एसटी बस'.

चौथं: काळ १२, ते घोका, 'करतो' म्हणजे 'डू', 'करत आहे' म्हणजे 'ॲम डूइंग', आय-वुईला 'शॅल'च. १२ चा तक्ता परीक्षेला उपयोगी आहे, नाही म्हणत नाही. पण क्वर्कच्या हिशेबी क्रियापदाच्या रूपानं दाखवलेले काळ दोनच, वर्तमान आणि भूत. भविष्यासाठी 'विल', 'गोइंग टू' असे जोड लावतात. 'शॅल'चा नियम जॉन वॉलिस या इंग्रज गणितज्ञानं १६५३ च्या इंग्रजी व्याकरणात लिहिला, तोही लॅटिन भाषेत. आज तो फारसा कुणी पाळत नाही. आणि 'करत आहे' परभणीत म्हणतं कोण? आपण म्हणतो 'मी जेवायलो', 'ती अभ्यास करायली'. चालू क्रियेला आपल्याकडे हे आयतं रूप आहे, त्याला 'आयएनजी' जोडून दिलं तर पोरं एका दुपारीत शिकतील. उलट घरातून निघताना आपण 'येतो' म्हणतो. सूत्रानं करा बरं त्याचं इंग्रजी.

पाचवं, सगळ्यात लाडकं: इंग्रजांची पोरं कुठं व्याकरण शिकतात? शिकतात. इंग्लंडमध्ये २०१३ पासून प्राथमिक शाळा संपताना, दहा-अकरा वर्षांच्या मुलांची व्याकरण, विरामचिन्हं आणि स्पेलिंग यांची वेगळी परीक्षा होते. शिवाय त्यांच्या कानावर पाळण्यापासून इंग्रजी पडतं. आमच्या भाचीच्या कानावर ते शाळेतल्या तासापुरतं. मात्र 'टू' (too) काढा, 'नो सूनर' वापरा, व्हॉइस बदला असले परीक्षेचे प्रश्न करकरून आपली पोरं दहावी होतात आणि दोन वाक्यं बोलता येत नाहीत, हे मेसेजवाल्याचं रडगाणं खोटं नाही. औषध मात्र त्यानं भलतंच दिलंय.

हे सगळं बहिणीला सांगितलं तर म्हणाली, "दादा, तुला कशातच चांगलं दिसत नाही." भाचीला मात्र 'मला'ची गंमत वाटली. मी निघायच्या दिवशी ओट्यावर येऊन म्हणाली, "मामा, तुम्ही गेल्यावर मला करमत नाही. करा बरं याचं इंग्रजी."

'बोअर्ड' म्हणालो, तिनं मान हलवली. 'लोनली' म्हणालो. "एकटी कुठंय मी, घरात सात माणसं आहेत." 'मिस यू' म्हणालो. "ते तर तुमच्याबद्दल झालं. करमत नाही त्याचं काय?"

एसटी यायला दहा मिनिटं होती. ती दहा मिनिटं तशीच गेली.