जपान घेताय? मग १९४४ पण खेळा

माझं स्पष्ट मत आहे, 'वॉर इन द पॅसिफिक: अ‍ॅडमिरल्स एडिशन'ची मोठी कॅम्पेन माणसाविरुद्ध खेळायची असेल तर समोरचा किती हुशार आहे ते बघत बसू नका, मार पडायला लागल्यावर तो टिकेल का एवढंच बघा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा दुसऱ्या महायुद्धातल्या पॅसिफिकच्या लढाईवरचा २००९ चा कॉम्प्युटर गेम, एकाने जपान आणि दुसऱ्याने दोस्त राष्ट्रं घ्यायची, ७ डिसेंबर १९४१ ला सुरू होतो आणि पार १९४६ पर्यंत जाऊ शकतो. बहुतेक लोक एक टर्न म्हणजे एक दिवस असंच खेळतात. जपानवाला ऑर्डर टाकून फाइल मेल करतो, आपण आपल्या ऑर्डर टाकून परत पाठवायची, मग तो टर्न चालवून रिप्ले पाठवतो. रोज एक टर्न झाला तरी खरं युद्ध चाललं जवळजवळ तेवढीच वर्षं लागतात, हा हिशोब घरी सांगायचा नसतो.

दोस्त राष्ट्रांची बाजू घेतली की सुरुवातीचे महिने नुसतं झोडपून घ्यायचं. मलायात ११ वी इंडियन डिव्हिजन मागे मागे सरकत सिंगापूरला पोचते आणि त्याच्यापुढे समुद्र. पाणबुड्या आहेत, पण अमेरिकेचा मार्क १४ टॉर्पेडो गेममध्येही खऱ्यासारखाच दळभद्री ठेवलाय. सुमात्रातल्या तेलाच्या पालेंबांगच्या वाटेवर पाणबुडी दबा धरून बसते, एकदाचा टँकर येतो, रिप्लेत टॉर्पेडो बरोब्बर जाऊन लागतो आणि फुसका निघतो, टँकर तेल घेऊन निवांत जपानला. प्रत्यक्षातही ही भानगड १९४३ च्या सप्टेंबरपर्यंत पुरती निस्तरली नव्हती, त्यामुळे तक्रार तरी कुणाकडे करणार!

मग कॉम्प्युटरशी का नाही खेळत? कारण तो स्क्रिप्टवर चालतो, तीनचार वेळा खेळलात की पुढचं पाऊल कळतं. माणूस मात्र अकागी, कागा सकट सहाच्या सहा कॅरियर, म्हणजे विमानवाहू जहाजं, गायब करतो, कुठेच दिसत नाहीत, आणि आपण नुसत्या धास्तीने ऑस्ट्रेलियाला जाणारे काफिले पार दक्षिणेकडून लांबचा वळसा घालून पाठवत बसतो. एक बॉम्ब न टाकता आपलं इंधन जाळलं पठ्ठ्याने! मजा हीच आहे.

आणि मग १९४३ उजाडतं. अमेरिकेच्या नव्या एसेक्स क्लासच्या कॅरियर यायला लागतात, वर्षाच्या उत्तरार्धात हेलकॅट लढाऊ विमानं, आणि जपानवाल्याचे मेल आटायला लागतात. आधी बाहेरगावी, मग ऑफिसात काम, मग काहीच नाही. अरे बाबा, वर्षभर सिंगापूर, रंगून, जावा घेताना बरा रोज वेळ मिळत होता!

मला हे पटत नाही कारण खरा खेळ तर जपानचाच आहे. कारखाने, इंजिनं, नव्या विमानांचं संशोधन, सगळं त्याच्या हातात, दोस्तांना ते मिळतच नाही. टोकियोपर्यंत पोचायला मला खऱ्या इतिहासापेक्षा जास्त वेळ लावलास तर तू भारी खेळलास, हे मी आधीच कबूल करून बसतो.

हाउस रूल, म्हणजे दोघांनी आपसात ठरवलेले नियम, ठरवताना लोक चार इंजिनांची बॉम्बर किती उंचीवरून उडवायची यावर घासाघीस करतात. त्यात एक ओळ घाला: सोडायचं असेल तर सांगून सोडायचं आणि आपल्या बाजूचा गेमचा पासवर्ड द्यायचा, म्हणजे दुसरा कोणीतरी जपान घेऊन तिथूनच पुढे खेळेल.