आंबोलीचा इतिहास रद्दीच्या गठ्ठ्यात

पाऊस लागला की आंबोलीच्या रील्सना पूर येतो, आणि प्रत्येकीखाली तेच वाक्य: सावंतवाडीचे पोलिटिकल एजंट कर्नल वेस्ट्रॉप यांनी हे थंड हवेचं ठिकाण वसवलं. संपला इतिहास. जणू साहेब घाट चढून येईपर्यंत इथे उगम पावणाऱ्या हिरण्यकेशी नदीचं पाणी कोणी प्यायलंच नव्हतं!

वेस्ट्रॉपसाहेबांचं श्रेय मला काढून घ्यायचं नाही. वेंगुर्ला बंदरातून बेळगावच्या छावणीकडे जाणारा रस्ता या घाटातून गेला आणि आंबोली गोऱ्यांच्या डोळ्यांत भरली, हे खरंच. पण रस्ता फोडणारे गडी कुठले होते? बंगल्यांसाठी जमिनी कोणाच्या गेल्या? १८८० च्या गॅझेटियरचा रत्नागिरी-सावंतवाडीचा दहावा खंड कामाचा आहे, पण तो सरकारी खुर्चीत बसून लिहिलेला.

गेल्या शतकातली आंबोली आपल्याकडच्या साप्ताहिकांत जेवढी सापडेल तेवढी कुठल्याच पुस्तकात सापडणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. सावंतवाडीचं ‘वैनतेय’ घ्या. शिरोड्याला मास्तरकी करताना वि. स. खांडेकर त्यात लिहीत, हे सगळ्यांना पाठ. पण अशा साप्ताहिकांची मागची पानं कोण बघतं? जमिनीच्या जाहीर नोटिसा, हरकती, घाटात पडलेली दरड, ‘आमच्या बातमीदाराकडून’ आलेल्या दोन ओळी. मला अग्रलेखापेक्षा हे मोलाचं वाटतं. अग्रलेखवाले काय, गांधीजींपासून जर्मनीपर्यंत सगळ्यांनाच सल्ला देत!

आता हे नुसतं हौसेचं प्रकरण नाही. आंबोली, गेळे, चौकुळ या तीन गावांचा कबुलायतदार गावकर जमिनीचा, म्हणजे साऱ्याची कबुली देऊन गावकऱ्यांनी सामाईक धरलेल्या जमिनीचा, प्रश्न किती वर्षं गाजतोय ते इथल्या माणसाला सांगायला नको. सातबाऱ्यावर ‘महाराष्ट्र शासन’ लागलं आणि कसणारा हेलपाटे घालत राहिला. अशा वेळी सत्तर वर्षांपूर्वीची एखादी नोटीस कोर्टात टिकेल की नाही ते वकील सांगतील, पण कुठलं दप्तर उघडायचं याचा धागा तर हाती लागेल.

अडचण अशी की छापलेल्या अंकाची प्रत सरकारात जमा करायला लावणारा १८६७ चा कायदा ब्रिटिश मुलखापुरता होता. वेंगुर्लं, मालवण त्यात. सावंतवाडी संस्थान बाहेर. म्हणजे संस्थानी काळात वाडीत छापलेलं जे काही उरलं ते वाचनालयात, नाहीतर कोणाच्या तरी माळ्यावर. त्यात आपली हवा. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, खालीही काही कमी नाही. वाळवी, कसर, बुरशी आहेतच, पण वृत्तपत्राचा लाकडी लगद्याचा कागद मुळातच आम्लधर्मी. चिंध्यांपासून केलेलं दीडशे वर्षांपूर्वीचं पान अजून उलटता येतं आणि १९६० सालचं बोट लावताच मोडतं.

हिरण्यकेशीच्या उगमात २०२० मध्ये माशाची नवी प्रजाती नोंदली गेली आणि दुसऱ्याच वर्षी ती जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. फार चांगलं झालं. त्या माशाची नोंद झाली तशी माणसांच्या नोंदींची पण काळजी घ्या, एवढंच मागणं. दर ६ जानेवारीला ‘दर्पण’कार बाळशास्त्रींच्या तसबिरीला हार पडतात, त्यांच्या जन्मगावाचं, पोंभुर्ल्याचं, नाव अभिमानाने घेतलं जातं, पण आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या किती साप्ताहिकांचे अंक शाबूत आहेत, हे कोणी विचारत नाही. एक चांगला स्कॅनर, दोन पगारी मुलं आणि वाचनालयांची परवानगी, यात होण्यासारखं काम आहे. हक्काचीही फारशी आडकाठी नाही, निनावी मजकूर प्रसिद्ध होऊन ६० वर्षं झाली की तो सगळ्यांचाच.

तर चाकरमान्यांनो, चतुर्थीला घर साफ करायला याल तेव्हा माळ्यावरचे गठ्ठे रद्दीवाल्याला घालू नका. दोरी सोडताना जपून. पान सुटं झालं तर चिकटपट्टी लावू नका, तिने कागद आणखी खराब होतो. खिडकीजवळच्या उजेडात सरळ वरून फोटो काढा, तारखेची ओळ त्यात येऊ द्या, आणि मला इनबॉक्समध्ये पाठवा. घाटाची, आंबोलीची, गेळ्या-चौकुळची एक ओळ असली तरी चालेल.