म्हशीची वैरण घोडीला चालते का? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. वैरणीवरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत त्याचा रोख असा : हत्तीघासाला मी नावं ठेवली, कडब्याला नाक मुरडलं, लसूणघासही मोजून घाला म्हटलं, मग साध्या माणसानं घोडं पाळूच नये का? तुमची घोडी गोठ्यातल्या म्हशींचीच वैरण खाते, वर गव्हाचा कोंडा, आणि ठणठणीत आहे.

खर्चाचा मुद्दा रास्त आहे. विलायती टिमोथी मागवा असं मी कुठेच म्हटलेलं नाही. ते थंड हवेतलं गवत, दख्खनच्या उन्हात त्याचा निभाव लागत नाही. पण ‘म्हैस खाते ते घोडी खाईल’ हे मात्र मला मान्य नाही.

हत्तीघासात, म्हणजे नेपिअरमध्ये, ऑक्झलेट बरंच असतं. म्हशीच्या पहिल्या पोटातले जिवाणू त्यातलं पुष्कळसं फोडून टाकतात. घोडी रवंथ करत नाही. तिचे जिवाणू मागे, मोठ्या आतड्यात. कॅल्शियम शोषलं जातं त्याच्या आधी, लहान आतड्यात. तिथे ऑक्झलेट कॅल्शियमला धरून बसतं आणि ते लिदीवाटे निघून जातं. ही तूट शरीर हाडांतून भरून काढतं, म्हणून रक्त तपासलं तरी कॅल्शियम बहुधा ठीकच दिसतं. महिनोन्‌महिने बाहेरून काही कळत नाही. मग घोडी आज या पायानं, उद्या त्या पायानं लंगडायला लागते, आणि पुढे जबड्याची नि नाकाच्या बाजूची हाडं फुगतात. तेव्हा ‘ठणठणीत आहे’ यावर मी तरी विसंबणार नाही.

त्यात तुमचा कोंडा. त्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या जवळपास दहापट. पूर्वी युरोपात गिरणीवाल्यांची घोडी कोंड्यावर पोसली जात, म्हणून या दुखण्याला गिरणीवाल्यांच्या नावानंच ओळखत.

लसूणघास मी वाईट ठरवलेला नाही. तुमच्या घोडीला तर तोच हवा, कारण वाळलेल्या लसूणघासात कॅल्शियम सव्वा-दीड टक्क्याच्या आसपास असतं. कोंडा बंद करा, हत्तीघास कमी करा, थोडा लसूणघास वाढवा. मात्र हा बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू, नाहीतर पोटशूळ ठरलेला. मोजून घाला म्हटलं ते त्यातल्या प्रथिनांमुळे आणि ताकदीमुळे. माथेरानला रोज चढ-उतार करणाऱ्या तट्टाला किंवा अंगावर शिंगरू असलेल्या घोडीला तो पचतो. लग्नसराई संपल्यावर खुंट्याला उभी राहणारी वरातीची घोडी त्यावर नुसती सुटते.

कडब्याचं थोडक्यात : नीट वाळलेला, कुट्टी केलेला असेल तर पोटाला आधार म्हणून चालेल. झिजल्या दातांच्या म्हाताऱ्या घोड्याला जाड धाटं घालू नका, थंडीत पाणी कमी प्यायलं की ती आतड्यात अडकतात. कोवळी हिरवी ज्वारी मात्र कधीच नको, पाण्याचा ताण बसलेली तर नकोच नको.

राहिलं आपलं डोंगरी गवत. पवना, मारवेल, बांधावरची हरळी, यावर घोडं छान राहतं. अडचण कापणीची आहे. गवत फुलोऱ्यात येतं तेव्हा पाऊस सरलेला नसतो, आणि दसऱ्यानंतर ऊन पडेपर्यंत ते निबर होऊन कुसळं धरतं. ही कुसळं हिरड्यांत रुततात. म्हणून मी उशिरा कापलेलं घेत नाही, आणि घाईनं गंजी लावलेलंही नाही. पेंढी सोडून आत हात घाला : ऊब लागली, कुबट वास आला, धूळ उडाली, तर कितीही स्वस्त असो, परत करा. बुरशीनं घोड्याला दमा लागतो, आणि घोड्याला ओकता येत नाही हे विसरू नका. रब्बीत पाणी असेल तर थोडा ओट पेरा, दाणा दुधात असताना कापून वाळवा. माझी पहिली पसंती त्याला.

किती घालायचं, हेही विचारलंत. साडेतीनशे किलोच्या घोडीला दिवसाला पाच ते सात किलो वाळली वैरण, तीन-चार वेळा विभागून. पेंढ्या मोजू नका, काट्यावर घाला.

आणि एक सांगा, म्हशींच्या पशुखाद्यातलं मूठभर घोडीच्या पाटीत जातं का? काही पशुखाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. गुरांना ते चालतं, घोड्याच्या हृदयाला मारक ठरतं. पोत्यावर काय छापलंय ते आजच वाचा, आणि काही लिहिलेलं नसेल तर दुकानदाराला विचारा; तोवर ते पोतं घोडीपासून लांब ठेवा.