पाठीला विचारून खुर्ची घेऊ नका

संगणकासमोर दिवसाचे नऊ-दहा तास काढायचे तर खुर्ची चांगली हवी, हे तुम्हाला एकदाचं पटलं, त्याबद्दल अभिनंदन. आता ती निवडताना एकच पथ्य पाळा: या व्यवहारात स्वतःच्या पाठीला पडू देऊ नका. पाठीला रंग कळत नाहीत, फोटो कळत नाहीत, पाचपैकी किती तारे मिळाले तेही कळत नाही. ती बोलते ती टेकल्यावर, आणि तेही अर्ध्या-पाऊण तासानं. तेवढा वेळ दुकानात बसून राहिलात तर विक्रेता ज्या नजरेनं बघेल ती सोसण्यापेक्षा पाठदुखी परवडली. तेव्हा खुर्ची मोबाइलवरच पसंत करा, रात्री, गादीवर पडल्या पडल्या. त्या अवस्थेत कुठलीही खुर्ची आरामशीरच वाटते.

सुरुवात रेसिंगच्या खुर्च्यांपासून करा. लाल-काळ्या, पाठीच्या दोन्ही बाजूंना फुगवटे असलेल्या. हे फुगवटे शर्यतीच्या गाड्यांमधून आलेत. भरधाव गाडी वळण घेते तेव्हा चालकाचं अंग एका बाजूला फेकलं जातं, ते जागच्या जागी राहावं म्हणून तिथे त्यांची योजना असते. तुम्हीही एक्सेलच्या एका शीटवरून दुसऱ्या शीटवर जाता, कधी काय होईल सांगता येत नाही. खांदे रुंद असले तर वरचे फुगवटे त्यांना पुढे ढकलतात आणि माणूस दिवसभर किंचित लाजल्यासारखा बसतो. असू दे, नम्रता हा गुणच आहे. शिवाय इलॅस्टिकच्या पट्ट्याला लावलेली कमरेची उशी मिळते. ती हळूहळू घसरत बुडापाशी येते. तिला वर ओढण्याच्या फंदात पडू नका, थोड्या वेळानं ती परत तिथेच येणार आहे.

मापाच्या भानगडीत तर मुळीच पडू नका. हर्मन मिलर या अमेरिकी कंपनीनं १९९४ मध्ये एरॉन नावाची खुर्ची बाजारात आणली. बिल स्टम्फ आणि डॉन चॅडविक या दोघांनी ती घडवली. फोमची गादी काढून टाकून नुसती ताणलेली जाळी, आणि वर आगाऊपणा असा की ए, बी, सी अशी तीन मापं! म्हणजे माणसं लहानमोठी असतात आणि खुर्चीनं ते ध्यानात घ्यावं, अशी यांची अपेक्षा. बाकीच्या बहुतेक खुर्च्या एकाच मापात येतात. त्या मापाचं होणं ही तुमची जबाबदारी. खुर्चीची बैठक पुढून मागे जितकी खोल आहे ती आपल्या मापाची आहे की नाही, हे बघायची रीत अगदी सोपी आहे. पाठ मागे पूर्ण टेकवून बसायचं आणि गुडघ्याची मागची बाजू व बैठकीची कड यांच्यामध्ये दोन-तीन बोटं शिरतात का ते पाहायचं. ही रीत टाळा. बोटं शिरली नाहीत तर उगाच कळून चुकतं की मागे टेकलो तर कड पायात रुतणार आणि पुढे सरकलो तर पाठ अधांतरी. पाठीला आधार आणि पायाखाली जमीन, दोन्ही एकदम मागणं ही हावच झाली.

खुर्ची घरी आली की ती जोडणारा माणूस ज्या अवस्थेत ठेवून जाईल ती अंतिम समजा. बैठकीखाली हात घातलात तर उजवीकडे एक दांडा लागेल. तो उचलला की उंची कमी-जास्त होते, आत-बाहेर सरकवला की पाठीचं कुलूप लागतं किंवा सुटतं. त्याच्याही आत, मधोमध, एक गोल मूठ असते. ती फिरवून पाठीची स्प्रिंग आपल्या वजनाला बेतशीर करून घ्यायची असते. सैल राहिली तर जरा टेकताच खुर्ची तुम्हाला छत दाखवते, फार घट्ट राहिली तर मागे रेलायला पायांनी रेटा द्यावा लागतो. पण ती फिरवायची म्हणजे खाली वाकायचं, आणि पाठीला जपायला घेतलेल्या खुर्चीसाठी पाठ वाकवणं तत्त्वात बसत नाही. कुलूप लावा आणि काटकोनात बसा. २००६ मध्ये स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनला काही संशोधकांनी धडधाकट पाठीच्या २२ जणांना वेगवेगळ्या पद्धतींनी बसवून त्यांचे एमआरआय काढले. कण्यातल्या चकत्यांना कमीत कमी ताण पडला तो मांड्या आणि धड यांच्यात सुमारे १३५ अंशांचा कोन असताना, काटकोनात नव्हे. असेल. पण १३५ अंशांत रेललेला माणूस काम करतोय यावर कुठल्या साहेबाचा विश्वास बसेल?

कमरेच्या आधाराचं तर विचारूच नका. लंबर सपोर्ट म्हणून ज्याचे जास्त पैसे मोजले, तो पँटच्या पट्ट्याच्या किंचित वर, पाठ जिथे आत वळते तिथे टेकायला हवा. त्यासाठी आधी पाठ मागे जायला हवी. ती जात नसते. दुपारी चारच्या सुमाराला स्वतःला एकदा बाजूनं बघा: बूड बैठकीच्या पुढच्या काठावर, एक पाय मांडीखाली, दोन्ही कोपरं टेबलावर, मान कासवासारखी पडद्याकडे निघालेली. मागे वीतभर मोकळी जागा, आणि तिच्याही मागे तो आधार, आठ ठिकाणी अ‍ॅडजस्ट होणारा, कोऱ्याचा कोरा. त्यावरचं प्लास्टिकही काढलेलं नसतं काही घरांत. चांगली वस्तू अशीच जपून वापरावी.

हातांसाठी फोर-डी आर्मरेस्टच घ्या. ते वर-खाली होतात, पुढे-मागे होतात, आत-बाहेर होतात आणि तिरपेही होतात. फक्त टेबलाखाली जात नाहीत. ते कडेला अडले की खुर्ची लांब राहते आणि माउसपर्यंत हात लांबवून बसावं लागतं. दोष मात्र टेबलाला देऊ नका. टेबल उंच असलं तर हात पोचवायला खुर्ची वर घ्यावी लागते, खुर्ची वर गेली की पाय लोंबकळतात, पाय लोंबकळले की मांड्या खालून दाबल्या जाऊन मुंग्या येतात. पायाखाली एक पाट सरकवला की प्रश्न मिटतो, पण तो दिसायला बरा दिसत नाही.

आता मुख्य मुद्दा, लॅपटॉप. यात पडदा आणि कीबोर्ड बिजागरीनं एकमेकांना जोडलेले असतात. त्यामुळे पडदा डोळ्यांच्या पातळीला आणला की हात खांद्यापर्यंत वर येतात, आणि हात कोपराच्या पातळीला ठेवले की मान खाली जाते. जगातली कुठलीही खुर्ची हे भांडण सोडवू शकत नाही. लॅपटॉप उंचावर ठेवून वेगळा कीबोर्ड आणि माउस जोडला की ते पाच मिनिटांत सुटतं, आणि खर्च खुर्चीच्या मानानं चिल्लर. म्हणूनच ते करू नका. चिल्लर खर्चात मान बरी झाली तर खुर्चीचं समर्थन कसं करणार? मान दुखत राहिली पाहिजे, तरच पुढची, अधिक चांगली, हेडरेस्टवाली खुर्ची घ्यायचं कारण शिल्लक राहील.

चाकांचं एकाच वाक्यात: गुळगुळीत फरशीसाठी मऊ आणि गालिच्यासाठी कडक अशी वेगवेगळी मिळतात, आणि आपल्याला नेहमी दुसरी आलेली असतात.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, एकदा बसलात की उठू नका. खुर्चीला चिकटून राहण्याचं कसब फक्त राजकारण्यांनाच असतं, हा समज तुम्ही खोटा ठरवायचा आहे. मोठ्या माणसाच्या कण्यातल्या चकत्यांना स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळपास नसतात. त्यांचं पोषण आजूबाजूच्या भागातून झिरपत येतं आणि हालचालीनं त्याला मदत होते. म्हणजे चकत्यांना उपाशी ठेवायचं की नाही, हे सर्वस्वी तुमच्या हातात आहे. कॉर्नेल विद्यापीठातले अ‍ॅलन हेज सांगत आले की दर अर्ध्या तासात २० मिनिटं बसा, ८ मिनिटं उभे राहा, २ मिनिटं हिंडा-फिरा. हिशेब करून बघा: या वेगानं खुर्ची दिवसाचा एक तृतीयांश वेळ रिकामी राहणार. इतक्या महागाची वस्तू रिकामी ठेवायची? वसूल नको व्हायला? पाय आखडले, कमरेत उसण भरली तरी बसून राहा. उठताना तोंडातून आपोआप ‘आई गं’ निघू लागलं की समजा, पैसे वसूल व्हायला लागले.

एवढं करूनही पाठ ऐकेना, तर वर-खाली होणारं मोटरचं टेबल मागवा. आल्या दिवशी ते एकदा पार वर न्या, त्याच्यासमोर ताठ उभं राहून फोटो काढून घ्या आणि मग कायमचं खाली आणा. त्याची बटणं पुढच्या कडेला, थोडी बाहेर आलेली असतात. हेडफोन अडकवायला ती जागा फार सोयीची आहे.