बेल्ट दोनदा बदलूनही आवाज का आला: तुमच्या रिव्ह्यूला गॅरेजचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुम्ही दोन स्टार देऊन लिहिलंय की १९७४ च्या ॲम्बेसेडरच्या इंजिनातला चिवचिवाट घालवायला गाडी आमच्याकडे तीनदा आणली, फॅन बेल्ट दोनदा बदलला, डायनॅमोचं (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरचं) बेअरिंग बदललं, आणि तरी आठ दिवसांनी इगतपुरीला जाताना आवाज पुन्हा सुरू झाला. शेवटी हायवेवरच्या एका मेकॅनिकने बेल्टवर स्प्रे मारला आणि पन्नास रुपयांत आवाज बंद. मग एवढे पार्ट कशाला बदलले, असं तुम्ही विचारलंय.

विचारणं रास्त आहे. तिन्ही जॉब कार्ड समोर ठेवून उत्तर देतोय. जुनी पेट्रोल गाडी सांभाळणारे नाशकात बरेच जण आहेत, त्यांनाही उपयोग होईल म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी आमच्या चुका. पहिल्यांदा गाडी दुपारी आली, शहरातून चालून, इंजिन तापलेलं. तेव्हा आवाज येतच नव्हता. बेल्टच्या आतल्या अंगाला भेगा होत्या, कडा काचेसारख्या चकाकत होत्या, म्हणून बेल्ट बदलून गाडी दिली. तो बेल्ट बदलण्याच्याच लायकीचा होता, पण आवाज त्याचाच आहे हे आम्ही गृहीत धरलं. गाडी रात्री ठेवून घेऊन सकाळी थंड इंजिनावर ऐकायला हवं होतं. दुसरी चूक जास्त मोठी. नवा बेल्ट चढवण्याआधी क्रँक (इंजिनाचा मुख्य शाफ्ट), वॉटर पंप आणि डायनॅमो यांच्या तिन्ही पुल्या, म्हणजे बेल्टची चाकं, एका रेषेत आहेत का, ते पाहिलं नाही. डायनॅमोची पुली जवळजवळ ३ मिलिमीटर मागे होती. नव्या बेल्टची एक कड त्यामुळे घासून तंतू सुटले आणि म्हणून दुसरा बेल्ट घालावा लागला. दुसऱ्या बेल्टचे आणि पहिल्या वेळच्या मजुरीचे पैसे तुमच्याकडून घ्यायला नको होते. ते परत करतोय.

दुसऱ्या खेपेला मात्र शोध नीट झाला. थंड इंजिनावर गाडी चालू करून आवाज ऐकला, मग बंद करून बेल्ट काढला आणि बेल्टशिवाय इंजिन अर्धा मिनिट चालवलं. ॲम्बेसेडरच्या १४८९ सीसी इंजिनात पंखा वॉटर पंपाच्या शाफ्टवरच असतो, त्यामुळे बेल्ट काढला की पंप, पंखा आणि डायनॅमो तिन्ही थांबतात. डॅशबोर्डवर चार्जिंगचा लाल दिवा लागतो, त्याने घाबरायचं नाही. पण पाणी फिरत नाही, म्हणून हे थंड इंजिनावरच आणि मिनिटाच्या आतच करायचं. बेल्ट काढल्यावर आवाज गेला, तर दोष बेल्टमध्ये किंवा बेल्टवर फिरणाऱ्या दोन वस्तूंमध्ये. राहिला, तर बेल्टला हात लावण्यात अर्थ नाही. तुमच्या गाडीत त्या दिवशी मोठा कर्कश आवाज गेला. मागे एक बारीक चुकचुक राहिली होती, ती आमच्या कानाने सोडली. तिच्याकडे पुढे येतो.

बेल्ट काढलेलाच होता, तेव्हा दोन्ही पुल्या हाताने फिरवल्या. पंपाची पुली गुळगुळीत फिरली. पंखा पुढे-मागे हलवून पाहिला, शाफ्टला प्ले (ढिलेपणा) नव्हता आणि पंपाखालच्या गळतीच्या भोकाशी पाण्याचा किंवा गंजाचा डागही नव्हता. डायनॅमोची पुली फिरवताना बोटांना वाळू लागल्यासारखं जाणवत होतं. उघडल्यावर पुढच्या बॉल बेअरिंगमधलं ग्रीस वाळून खपली झालेलं दिसलं. ते बेअरिंग बदलणं गरजेचंच होतं, त्यात उगाच काही केलेलं नाही. जुनं बेअरिंग आमच्याकडे पुडीत ठेवलंय, या आणि बोटावर फिरवून बघा.

डायनॅमोच्या मागच्या टोकाला बॉल बेअरिंग नसतं, ब्राँझचं बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती साधी नळी) असतं, आणि मागच्या झाकणाच्या मध्यावर तेलाचं भोक असतं. त्यात सर्व्हिसिंगच्या वेळी इंजिन ऑइलचे दोन-तीन थेंब टाकायचे. टाकलेच नाहीत तर बुश कोरडं पडून किंचाळतं. जास्त टाकले तर तेल कम्युटेटरवर (कार्बन ब्रश ज्यावर घासतात त्या तांब्याच्या भागावर) जातं, कार्बन ब्रश चिकट होतात आणि चार्जिंग बसतं. डायनॅमोऐवजी अल्टरनेटर बसवलेल्या गाड्यांत हे भोक नसतं, म्हणून नव्या पोरांना ते माहीतही नसतं.

पुलीच्या रेषेबद्दल. सरळ पट्टी, नाहीतर ताणलेला दोरा, क्रँक पुलीच्या तोंडावर टेकवून डायनॅमोच्या पुलीपर्यंत न्यायचा. फुटाला दीड-दोन मिलिमीटरपर्यंतचा फरक चालून जातो, त्यापुढे बेल्ट खाचेत तिरका उतरतो आणि प्रत्येक फेऱ्याला चिवचिव करतो. तुमच्या गाडीत डायनॅमोच्या ब्रॅकेटमधलं मूळचं पॅकिंग कधीतरी कुणीतरी काढलेलं होतं. आम्ही सातपूरच्या लेथवाल्याकडून ३ मिलिमीटर जाडीचे वायसर (वॉशर) करून घेतले आणि वरच्या दोन्ही बोल्टांवर बसवले. एकाच बोल्टावर वायसर टाकला तर डायनॅमो वाकडा बसतो आणि दुखणं वाढतं.

आता ती चुकचुक. तिसऱ्या वेळी तुम्ही म्हणालात, आवाज कमी झालाय पण आहे. बेल्ट पुन्हा काढला, तरी आवाज तसाच. तेव्हा लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक एकेका भागावर टेकवून मूठ कानाला लावली. पंखा आणि बेल्ट बाजूला असतील तेव्हाच हे करावं, सैल बाही किंवा ओढणी असेल तर मुळीच नको. टोक डिस्ट्रिब्युटरच्या (प्रत्येक स्पार्क प्लगला पाळीपाळीने करंट वाटणाऱ्या भागाच्या) बॉडीवर ठेवल्याबरोबर आवाज कानात घुसला.

कान इथे का फसतो तेही सांगतो. डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि रेस न देता, इंजिन मिनिटाला ७०० फेऱ्यांवर असेल तर शाफ्ट मिनिटाला ३५० फेरे घेतो. बेल्टची लांबी क्रँक पुलीच्या घेराच्या दुपटीपेक्षा थोडी जास्त असते, म्हणून बेल्टवरचा एखादा खराब ठिपका मिनिटाला साधारण ३०० वेळा पुलीवर येतो. दोन्ही चिवचिव जवळपास एकाच लयीत. बोनेट उघडून नुसतं ऐकलं तर अनुभवी माणूससुद्धा बेल्टलाच दोष देतो. म्हणून बेल्ट काढल्याशिवाय निकाल द्यायचा नाही, आणि पहिल्या दिवशी आमचं चुकलं ते इथेच.

इलाज साधा असतो. कॅप आणि रोटर काढले की शाफ्टच्या डोक्यात एक स्क्रू दिसतो. तो काढायचा नाही. त्याच्या कडेने फट ठेवलेलीच असते, तिथे पातळ तेलाचे दोन थेंब. सीबी पॉइंटची (ठिणगीसाठी करंट तोडणाऱ्या संपर्काची) टाच ज्या कॅमवर, म्हणजे शाफ्टवरच्या उंचवट्यांवर, घासते, त्यावर ग्रीसचा अगदी पातळ हात, काडीपेटीच्या काडीच्या टोकावर मावेल एवढाच. कॅम कोरडा असेल तर टाच झिजते, पॉइंटचा गॅप आपोआप कमी होतो आणि ठिणगीचं टायमिंग हलतं. म्हणून तेल दिल्यावर फीलरने (फट मोजायच्या पातळ पट्टीने) गॅप तपासला आणि ०.३८ मिलिमीटरवर लावला. पॉइंटच्या तोंडावर तेल लागलं तर ठिणगी जळकी पडते, तेवढं सांभाळायचं. या कामाचे पैसे घेतलेले नाहीत, बिल बघा.

मग आठ दिवसांनी काय झालं? हे समोर गाडी नसताना सांगतोय, पण तुमच्या लिहिण्यातच बरंचसं उत्तर आहे. स्प्रे मारल्यावर आवाज थांबला, याचा अर्थ बेल्ट पुलीवर घसरत होता आणि चिकटपणाने त्याला तात्पुरती पकड मिळाली. नवा व्ही-बेल्ट (पाचरीच्या आकाराचा हाच फॅन बेल्ट) पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरमध्ये खाचेत बसतो आणि ढिला होतो. त्यानंतर एकदा ताणावाच लागतो. जॉब कार्डावर "२०० किमीनंतर बेल्ट चेक" असं आमच्या अक्षरात लिहिलंय, पण ते तुम्हाला तोंडी सांगितलं नसेल तर कागदावरच्या ओळीचा उपयोग नाही, हे मान्य.

हे तुम्हाला घरीही बघता येईल. इंजिन बंद ठेवा. सर्वांत लांब पट्ट्याच्या मध्यावर अंगठ्याने दाबा. अर्धा इंच, म्हणजे १२-१३ मिलिमीटर दबला पाहिजे. जास्त दबला तर ढिला. हाताला दगडासारखा लागला तर फार ताणलेला, आणि तोही वाईट, कारण आवाज जातो पण पंपाचं आणि डायनॅमोचं बेअरिंग मरतं. आवाज बंद होईपर्यंत ताणत राहायचं, ही सवय जुन्या इंजिनांचे सगळ्यात जास्त पंप खाते. डायनॅमो आयडलिंगला फारसं चार्जिंग करतच नाही, म्हणून ढिला बेल्ट उभ्या गाडीत गप्प राहतो आणि हेडलाइट लावून रेस दिली की ओरडतो. तुमचा आवाज इगतपुरीच्या वाटेवर आला, घरासमोर नाही, तेही याच्याशी जुळतं.

एक शंका अजून आहे. व्ही-बेल्टने खाचेच्या दोन्ही बाजूंना धरायचं असतं, तळाला टेकायचं नसतं. तुमच्या पंपाच्या पुलीचा तळ किंचित चकाकताना दिसला होता. तळ चकाकतो म्हणजे बेल्ट खाली बसतोय. मग तो कितीही ताणा, घसरणारच. एकतर पुलीच्या बाजू झिजल्यात, नाहीतर बेल्टची रुंदी कमी पडतेय. तेव्हा ते इतकं कमी होतं की पुली सोडून दिली. आता ती उतरवून नीट मोजायची आहे. जाता जाता: मोटारपंपाच्या किंवा पिठाच्या गिरणीच्या दुकानातून मापाला मिळताजुळता बेल्ट आणून घालू नका. त्याचं कापडी आवरण जाड असतं, डायनॅमोच्या लहान पुलीवर तो नीट वाकत नाही आणि तापून जातो.

हायवेवरच्या मेकॅनिकला दोष देत नाही. तुम्हाला घरी पोहोचवायचं होतं, त्याने पोहोचवलं. पण आता तो स्प्रे बेल्टवर ठेवू नका. त्यावर धूळ चिकटते, लेप तयार होतो, रबर फुगतं. शिवाय घसरणारा बेल्ट फक्त आवाज करत नाही. पंप आणि पंखाही मागे पडतात, आणि तेच कसाऱ्याच्या चढावर, भर उन्हात झालं तर इंजिन तापून हेड गॅस्केट (इंजिनाच्या डोक्याखालचं सील) जाण्यापर्यंत जातं. गाडी आमच्याकडे येईपर्यंत लांबचा प्रवास टाळा आणि टेंपरेचरच्या काट्यावर नजर ठेवा.

गाडी कुठल्याही संध्याकाळी आणून ठेवा. रात्रभर थंड होऊ दे. सकाळी आठला तुम्ही आलात की तुमच्यासमोरच सेल्फ मारू. आधी बेल्ट न काढता ऐकू, मग काढून ऐकू. पुल्या थिनरने पुसू आणि नवा बेल्ट आमच्या खर्चाने घालू, कारण स्प्रे लागलेल्या बेल्टवर पाण्याची परीक्षा खोटी निघते. ती परीक्षा अशी: चालू इंजिनात बेल्टच्या आतल्या बाजूला पाण्याची बारीक फवारणी करायची. आवाज क्षणभर थांबून परत आला तर पुलीची रेष चुकलीय, वाढला तर बेल्ट ढिला आहे. डिस्ट्रिब्युटरवर पाणी उडू द्यायचं नाही, नाहीतर गाडी तिथेच बंद पडेल. पंपाची पुली बदलावी लागली तर आधी तुम्हाला दाखवू, भाव सांगू, तुम्ही हो म्हटल्यावरच लावू. मजुरी नाही. बेल्ट ताणून वीस मिनिटं चालवू, पुन्हा मोजू आणि मगच चावी देऊ.

परत करायचे पैसे काउंटरवर पाकिटात ठेवलेत, पाकिटावर तुमच्या जॉब कार्डाचा नंबर आहे. गाडी आणणं जमणार नसेल तरी ते घेऊन जा.