मोळीपूजनाची जाहिरात आणि नदीतले मासे

आज 6 जानेवारी, पत्रकार दिन. 1832 साली याच तारखेला बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढलं, म्हणून सकाळपासून सगळ्या ग्रुपवर त्यांचा फोटो फिरतोय. दुपारी आमच्या तालुक्याच्या मंगल कार्यालयात पत्रकारांचा सत्कार आहे. शाल, श्रीफळ, डायरी, मग जेवण. खर्च कुणाचा? फ्लेक्सवर बाळशास्त्रींपेक्षा ज्यांचा फोटो मोठा आहे, त्यांचा.

मी अकरा वर्षं एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो. आता नाही, म्हणून हे लिहिता येतंय. दैनिकाचं नाव सांगत नाही. दुसऱ्या कुठल्या दैनिकात असतो तरी हेच झालं असतं.

मीडिया विकला गेला, असं म्हणताना लोकांच्या डोळ्यांसमोर टीव्हीवरचे ओरडणारे अँकर असतात. त्यांना शिव्या देणं सोपं आहे, मीही देतो. पण बातमी वाकते कशी, हे मी पाहिलंय ते पावतीपुस्तकात. मला महिन्याला 800 रुपये मानधन होतं, तेही तीन-चार महिन्यांतून एकदा यायचं. पोट भरायचं जाहिरातीच्या 15 टक्के कमिशनवर. 26 जानेवारी, 15 ऑगस्ट, दिवाळी, दैनिकाचा वर्धापन दिन, नेत्याचा वाढदिवस, प्रत्येकाला टार्गेट ठरलेलं. ज्या सरपंचाच्या उखडलेल्या रस्त्याची बातमी सोमवारी करायची, त्याच्याच ओट्यावर गुरुवारी 'शुभेच्छुक' म्हणून फोटो आणि तीन हजार मागायला बसायचं. सरपंच चहा पाजायचा, पैसे मोजून द्यायचा आणि म्हणायचा, "भाऊ, लक्ष असू द्या." धमकी नाही, लाच नाही. लक्ष असू द्या, एवढंच. (काही जण याच्या उलट धंदा करायचे, आधी बातमी तयार करायची आणि ती न लावण्याचे पैसे घ्यायचे. त्यांच्या गाड्या आमच्याआधी आल्या.)

2012 च्या ऑक्टोबरात नदीत मासे मरून पडले. पाणी काळपट, मळीचा वास. काठावरच्या एका शेतकऱ्याने मला नेऊन दाखवलं. मी फोटो काढले, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याला फोन केला, साखर कारखान्याचंही म्हणणं घेतलं. बातमी पाठवली. दोन दिवस लागली नाही, म्हणून डेस्कवर फोन केला. पलीकडचा माणूस चांगला होता, हळूच म्हणाला, "अहो, मोळीपूजनाची पानभर जाहिरात आहे ना परवा." मोळीपूजन म्हणजे कारखान्याच्या गाळप हंगामाची सुरुवात, आणि तिची जाहिरात मीच आणली होती. तिचं कमिशनही मीच घेतलं.

त्या शेतकऱ्याने महिनाभर विचारलं, बातमी कधी येणार? मी म्हणायचो, जागा नाही.

हे तालुक्याचं झालं. वरच्या मजल्यावर काय चालतं ते 2009 च्या विधानसभा निवडणुकीत सगळ्या देशाने पाहिलं. तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांचं गुणगान करणारा एकच लेख एकमेकांच्या स्पर्धक मराठी दैनिकांत शब्दशः छापून आला होता. वर कुठेही 'जाहिरात' लिहिलेलं नव्हतं. पत्रकार पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'त ते उघड केलं. पानंच्या पानं मजकूर आणि निवडणूक खर्चात दाखवलेला वृत्तपत्र जाहिरातींचा आकडा 5,379 रुपये! चव्हाणांनी आरोप नाकारला. 2014 मध्ये निवडणूक आयोगाने खर्चाच्या हिशेबावरून त्यांच्यावर ठपका ठेवला, पण त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. 

मला जास्त लागलं ते वृत्तपत्रांवर लक्ष ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिलचं वागणं. पेड न्यूजच्या, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांच्या, चौकशीला दोघांची समिती नेमली, त्यांनी 2010 मध्ये नावांनिशी 71 पानी अहवाल दिला आणि कौन्सिलने नावं गाळून छोटा अहवाल काढला. मूळ अहवाल बाहेर यायला माहिती आयोगाचा आदेश लागला. एरवी आम्ही दुसऱ्यांचे दडपलेले अहवाल शोधत फिरतो.

जुने लोक म्हणतात, पूर्वीची वर्तमानपत्रं ध्येयवादी होती. होतीही. पण 1920 मध्ये बाबासाहेबांच्या 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही छापायला 'केसरी'ने नकार दिला होता, हे खुद्द बाबासाहेबांनी लिहून ठेवलंय. तेव्हा काही जाहिराती पैसे देऊनही घेत नव्हते, आता पैसे देणारी कुठलीच सोडत नाहीत. कुणाचं छापायचं नाही, हे दोन्ही वेळा ठरलेलंच.

"मग तू भांडला का नाहीस?" असं बायकोनेही विचारलं होतं. भीती वाटत होती, हे खरं उत्तर. राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे आठवा. रिफायनरीच्या जमिनींशी संबंधित एका माणसावरची त्यांची बातमी 6 फेब्रुवारी 2023 ला छापून आली, त्याच दिवशी त्यांना गाडीने उडवलं आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. पोलिसांनी त्याच माणसाला अटक केली. पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा 2017 चा आहे. तालुक्याच्या माणसामागे दैनिकाचा वकील नसतो, कधी कधी तर ओळखपत्रही नसतं.

आता तुम्ही म्हणाल, वर्तमानपत्र हवंच कशाला, हातात मोबाइल आहे. आमच्या तालुक्यात आज डझनभर यूट्यूब चॅनेल आहेत, प्रत्येकाचा वेगळा लोगो लावलेला बूम, म्हणजे माइक. त्यातली दोन पोरं मनापासून काम करतात, हे मान्य. बाकीच्यांचं पॅकेज आमच्यापेक्षा स्वस्त, एवढाच फरक.

आणि त्या शेतकऱ्याची गोष्ट अजून पुढे आहे. मागच्या हंगामात नदीत परत मासे मेले. या वेळी त्याने मला फोन केला नाही. त्याच्या मुलाने गावाच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकला. व्हिडिओ जोरात फिरला. त्यातला एक तुकडा मात्र भलत्याच राज्यातल्या नदीचा होता, कुणीतरी पुढे पाठवलेला, मुलाने जास्त परिणाम व्हावा म्हणून जोडलेला. कारखान्याने संध्याकाळपर्यंत तो शोधून काढला आणि 'फेक न्यूज' असा शिक्का मारून खुलासा फिरवला. आपल्या नदीचे खरे फोटोही त्याच शिक्क्याखाली गेले. तो खुलासा आमच्या जुन्या दैनिकात चार कॉलम छापून आला, जसाच्या तसा.

मुलगा माझ्याकडे आला होता. म्हणाला, "काका, तुमच्याकडे 2012 चे फोटो आहेत ना?"

आहेत. तारखेसकट आहेत. परवा जुनी हार्ड डिस्क दुरुस्तीला दिलीय.